धुऱ्याच्या अलीकडचा प्रदेश

मृगाच्या आधी दर्यापूर तालुक्यातल्या कास्तकाराच्या घरी यंदाच्या पेरणीचा हिशेब चालतो, तेव्हा त्यातली वाक्ये कान देऊन ऐकावीत. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फार तर सहा एकर, त्यापुढे वेचणीला माणसे मिळत नाहीत. बी-खतात घालायला एक लाख साठ हजारांच्या वर पैसा नाही. घरच्या डाळीपुरती तूर तरी निदान झालीच पाहिजे. फार तर, निदान, याच्या वर नाही, त्याच्या खाली नको: सगळा हिशेब या शब्दांवर उभा असतो. ‘हे बरोबर ते’ असे वाक्य त्यात क्वचितच येते.

शाळेतले बीजगणित मात्र ‘बरोबर’ने सुरू होते आणि बराच काळ तिथेच राहते. दहावीच्या गणित भाग १ मधले पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे. दोन रेषा काढायच्या, त्या कुठे छेदतात ते पाहायचे, बिंदू सापडला की उदाहरण संपले. बारावीला लिनिअर प्रोग्रॅमिंग येते तेव्हा त्याच आलेख कागदावर रेषेची एक अख्खी बाजू पेन्सिलीने रेखाटायला सांगतात. चार-पाच रेषांच्या रेखाटलेल्या बाजू जिथे एकावर एक येतात तो तुकडा ठेवायचा, बाकी कागद सोडून द्यायचा. उरलेल्या तुकड्याला मुले फीजिबल रीजन म्हणतात. शालेय गणितात शेतकऱ्याच्या बोलण्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही. तरी गणिताच्या इतिहासात ते फार उशिरा आले, आणि आले तेही भाकरी, लाकूड आणि लष्कराच्या गरजेतून.

भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० सालचा. त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. एकाहून अधिक अज्ञात राशी आल्या की ते त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात आणि त्या प्रकरणाला अनेकवर्ण समीकरण म्हणतात. त्यांच्या बीजगणितात एक जुने उदाहरण येते. पाच पारव्यांना तीन द्रम्म, सात सारसांना पाच, नऊ हंसांना सात आणि तीन मोरांना नऊ. शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणायचे. अज्ञात चार आणि समीकरणे दोनच. केवळ समीकरणे पाहिली तर उत्तरांना अंत नाही. पण पक्षी उणे असत नाहीत, अर्धेही असत नाहीत, म्हणून उत्तरे अनेक असली तरी मोजकी उरतात. ‘प्रत्येक संख्या शून्याहून मोठी हवी’ ही अट उदाहरणात कुठेही लिहिलेली नाही. सोडवणारा ती मनातच धरतो. पुढची कित्येक शतके असमानता अशीच राहिली. काम तीच करत होती, पण कागदावर तिचे नाव नव्हते.

चिन्हांचा इतिहासही हेच सांगतो. बरोबरचे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापले. लहान-मोठेपणाची < आणि > ही चिन्हे टॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात १६३१ मध्ये दिसली, तेही त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. ‘लहान किंवा बरोबर’, म्हणजे आपले ‘फार तर’, यासाठी खाली रेघा जोडलेले चिन्ह फ्रान्सच्या पिएर बूगे यांनी १७३४ मध्ये वापरले. ‘बरोबर’पासून ‘फार तर’पर्यंत पोचायला छपाईला १७७ वर्षे लागली. दरम्यान १६३७ मध्ये देकार्त यांची ‘ला जेओमेत्री’ निघाली. देकार्त आणि फेर्मा यांच्यामुळे समीकरणाला रेषा मिळाली आणि रेषेला समीकरण. रेषा आली त्या क्षणी तिच्या दोन बाजूही आल्याच होत्या, पण नजर रेषेवरच खिळून राहिली.

रेषेची बाजू म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावून सांगायला सोपे आहे. रेषा हा धुरा. धुऱ्यावर पीक येत नाही, ते येते अलीकडच्या वावरात. धुऱ्याचे काम इतकेच की आपले कुठवर ते दाखवायचे.

दहा एकरांचे वावर घेऊ. कपाशीचे एकर क, सोयाबीनचे स. आकडे मी हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून गोल धरले आहेत. जमिनीची अट: क + स ≤ १०. कपाशीला एकरी वीस हजार आणि सोयाबीनला बारा हजार खर्च येतो, हाती एक लाख साठ हजार, म्हणून हजारांत लिहिले तर २०क + १२स ≤ १६०. वेचणीच्या मजुरांची अट: क ≤ ६. आणि पक्ष्यांच्या उदाहरणात मनात धरलेल्या अटी इथे उघड लिहायच्या: क ≥ ०, स ≥ ०.

आता प्रत्येक ‘फार तर’च्या जागी क्षणभर ‘बरोबर’ ठेवून रेषा काढायची. जमिनीची रेषा दोन्ही अक्षांना दहावर छेदते. पैशाची रेषा कपाशीच्या अक्षाला आठवर आणि सोयाबीनच्या अक्षाला तेरा पूर्णांक एक तृतीयांशवर छेदते. कोणती बाजू आपली, हे ओळखायला मूळबिंदू पुरतो. क आणि स दोन्ही शून्य ठेवले तर शून्य दहापेक्षा लहान, अट पाळली गेली, म्हणजे मूळबिंदूकडची बाजू आपली. एकच बिंदू का पुरतो, हे मुलांना क्वचित सांगितले जाते. क + स ची किंमत दहाच्या खालून दहाच्या वर जायची तर वाटेत तिला दहावरून जावेच लागते, म्हणजे रेषा ओलांडावीच लागते. रेषा न ओलांडता एका बाजूला कितीही फिरा, निकाल बदलत नाही. (काही देशांत उलटी रीत आहे. नको तो भाग रेखाटतात आणि हवा तो कोरा ठेवतात. चार-पाच अटी असल्या की ती रीत डोळ्यांना सोपी जाते.)

पाचही अटी पाळणारा तुकडा पाच कोपऱ्यांचा निघतो: (०, ०), (६, ०), (६, ३⅓), (५, ५) आणि (०, १०). खर्च वजा जाता कपाशीचे एकरी पंधरा हजार आणि सोयाबीनचे दहा हजार उरतात असे धरले तर या कोपऱ्यांवर अनुक्रमे शून्य, नव्वद हजार, एक लाख तेवीस हजारांच्या थोडे वर, एक लाख पंचवीस हजार आणि एक लाख येतात. पाच एकर कपाशी, पाच एकर सोयाबीन हा सगळ्यांत चांगला कोपरा. आतल्या असंख्य बिंदूंकडे पाहावेच लागले नाही, कारण सारख्या नफ्याचे बिंदू एका सरळ रेषेवर असतात. ती रेषा कल न बदलता बाहेर सरकवत नेली तर तुकड्याला तिचा शेवटचा स्पर्श कोपऱ्यावरच होतो. फार तर एखाद्या पूर्ण कडेवर होतो, पण तिची टोकेही कोपरेच असतात.

चित्र खरे बोलू लागते ते भाव हलवल्यावर. कपाशीचा नफा पंधरावरून सोळा हजार झाला, तरी उत्तर जागचे हलत नाही. वीस हजार झाला की ते (६, ३⅓) या कोपऱ्यावर उडी मारते. उलट तो सोयाबीनच्याही खाली, नऊ हजारांवर गेला तर उत्तर थेट (०, १०) वर जाते आणि पाच एकर पऱ्हाटी एका फटक्यात शून्य होते. विदर्भात गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीन पसरले आणि ज्वारी आटली, त्यामागे पुष्कळ कारणे आहेत. पण बराच काळ काहीच न बदलणे आणि मग गावच्या गाव एकदम वळणे, यात मला कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जाणारी ही उडी दिसते. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा कपाशीचा भाव सरकार ठरवू लागले, म्हणजे नफ्याच्या रेषेचा कल मुंबईत ठरू लागला. तुकड्याच्या कडा मात्र इथला पाऊस, इथली जमीन आणि इथले मजूरच ठरवत राहिले.

त्या कडांपैकी एक दर्यापूरची खास आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून साडेचार हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे आणि दर्यापूर तालुका त्यात येतो. जमीन काळी, खोल, कसदार. पण विहिरीचे पाणी खारे, पिकाला देण्याजोगे नाही. इतरत्र ओलिताच्या पिकाची मर्यादा दोन एकर, चार एकर अशी असते. इथे ती रेषा जवळजवळ अक्षावरच येऊन बसते: ओलीत ≤ ०. शेततळ्यात पावसाचे पाणी धरले की ती रेषा थोडी बाहेर सरकते.

कोपरा महत्त्वाचा हे पहिल्यांदा नीट ओळखले जोसेफ फूरिए यांनी. उष्णतेच्या गणितासाठी त्यांचे नाव जगभर आहे. १८२०च्या दशकात, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, ते रेषीय असमानतांच्या संचांकडे वळले. त्यांची वाट बलविज्ञानातून आणि निरीक्षणातल्या चुकांच्या हिशेबातून आली होती. टेकू वस्तूला वर ढकलू शकतो, खाली ओढू शकत नाही, त्यामुळे तिथे समीकरण पुरत नाही, एकतर्फी अट लागते. फूरिए यांनी दोन गोष्टी दिल्या. एक, असमानतांच्या जोड्या लावून एकेक अज्ञात काढून टाकण्याची रीत. दुसरी, या अटींनी बनलेल्या सपाट पैलूंच्या आकृतीच्या कडांवरून उतरत तिच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यावर पोचण्याची कल्पना. ही दुसरी कल्पना सव्वाशे वर्षांनी जगाला मिळालेल्या पद्धतीचे बीज होती. तेव्हा ती कुणी उचलली नाही. १९०२ मध्ये हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ ज्यूला फर्कश आणि १९३६ मध्ये थिओडोर मोत्झकिन यांनी धागा पुढे नेला, पण गणिताच्या मुख्य रस्त्यावर असमानता अजून आली नव्हती.

शाळेतल्या आलेख कागदाचे श्रेय वेगळ्या माणसाला जाते. १९०१ मध्ये ग्लासगो इथे जॉन पेरी या इंजिनिअरने इंग्लंडच्या गणितशिक्षणावर कडक टीका केली आणि मुलांच्या हातात चौकटीचा कागद द्या, असा आग्रह धरला. ती चळवळ वेगाने पसरली. पण त्या कागदावरही वक्र आणि रेषाच उतरल्या, बाजू नाहीत.

बाजू आल्या त्या लेनिनग्राडमधून. प्लायवूडच्या एका सरकारी उद्योगाने विचारले: यंत्रे अनेक प्रकारची, लाकूड अनेक जातींचे, प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडाला वेग वेगळा, कोणते काम कोणत्या यंत्राला द्यावे? तरुण गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी हा प्रश्न सोडवला आणि १९३९ मध्ये उत्पादनाच्या नियोजनावर एक पुस्तिका काढली. तिच्यात एक गोष्ट अशी होती की ती आपल्या दहा एकरांनाही लागू पडते. त्यांनी प्रत्येक अटीला एक मोल जोडले: ही रेषा जराशी सैल केली तर किती लाभ?

आपल्या चित्रात हे मोल काढून पाहू. (५, ५) या कोपऱ्यावर जमीन आणि पैसा या दोन रेषा भेटतात. हातात आणखी एक हजार रुपये आले तर नफा सहाशे पंचवीस रुपयांनी वाढतो. एक एकर जास्त मिळाला तर अडीच हजारांनी. आणि वेचणीला आणखी माणसे मिळाली तर? शून्याने, कारण मजुरांची रेषा त्या कोपऱ्यापासून दूर आहे. इतर आकडे असेच राहिले तर हजाराच्या कर्जावर हंगामाला सहाशे पंचवीसपेक्षा जास्त व्याज देणे म्हणजे घाटा, असे हे चित्र आकड्यात सांगते. ज्या भागात कर्जाने माणसे जीव देतात, तिथे हे गणित बारावीच्या पाच-सात गुणांपुरते शिकवून सोडून द्यावे, याची मला खंत वाटते. सोव्हिएत रशियात मात्र ‘अटीचे मोल’ हीच कल्पना अडचणीची ठरली, कारण मूल्य श्रमातून येते हे तिथले अधिकृत मत होते. कांतोरोविच यांचे काम बाहेरच्या जगाला बऱ्याच उशिरा कळले. १९७५ मध्ये त्यांना आणि ट्यालिंग कूपमन्स यांना मिळून अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

अमेरिकेत हा प्रश्न जेवणाच्या ताटातून आला. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी हिशेब मांडला: ७७ खाद्यपदार्थ, ९ पोषक घटक, प्रत्येक घटक निदान इतका हवा, आणि वर्षाचा खर्च कमीत कमी. अंदाजाने, युक्तीने ते १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलरवर आले. १९४७ मध्ये अमेरिकी वायुदलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनी सिंप्लेक्स पद्धत शोधली: एका कोपऱ्यावर उभे राहा, जी कड नफा वाढवते तिच्यावरून शेजारच्या कोपऱ्यावर जा, वाढ थांबली की थांबा. ती तपासायला स्टिगलर यांचेच उदाहरण घेतले. टेबलावरच्या हिशेबयंत्रांवर नऊ कारकुनांचे मिळून सुमारे १२० दिवसांचे काम झाले. उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिगलर यांचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता.

कागदावरचा आलेख सोडून सिंप्लेक्सकडे का जावे लागते, हे दर्यापूरच्या वावरातच दिसते. माझी वरची मांडणी इथल्या रीतीला धरून नाही. इथे सलग कपाशी आणि सलग सोयाबीन असे दोनच कप्पे नसतात. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ येते आणि एकच एकर दोन पिके देतो. म्हणजे मिश्र एकरांसाठी तिसरे अक्षर हवे, म. त्याचा खर्च एकवीस हजार, नफा सतरा हजार धरा आणि वेचणीची अट क + म ≤ ६ करा. कागदाला दोनच अक्ष, तिसरा काढायला जागा नाही. सिंप्लेक्सच्या रीतीने केले की उत्तर येते: सुमारे ४.४४ एकर कपाशी-तूर, ५.५६ एकर सोयाबीन, आणि सलग कपाशी शून्य. नफा एक लाख एकतीस हजारांच्या वर, आधीपेक्षा सहा हजारांनी जास्त. हे आकडे गृहीत आहेत, पण वऱ्हाडातला कास्तकार तुरीची ओळ पिढ्यानपिढ्या का सोडत नाही, याची एक बाजू त्यातून उलगडते. दुसरी बाजू पावसाची आहे. खर्चाची रेषा जूनमध्ये माहीत असते, पावसाची रेषा ऑक्टोबरात कळते. डँट्झिग यांनी १९५५ मध्ये अनिश्चिततेतल्या नियोजनावर स्वतंत्र लेख लिहिला. कोरडवाहू शेतीला खरी गरज त्या शाखेची आहे.

अक्षरे वाढली की कोपरे बेसुमार वाढतात. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असे उदाहरण रचले की त्यात सिंप्लेक्सला एकूण एक कोपरा पालथा घालावा लागतो. १९७९ मध्ये लिओनिद खाचियान यांनी सिद्ध केले की याहून बऱ्या मर्यादेत उत्तर काढणे शक्य आहे, पण त्यांची रीत प्रत्यक्षात संथ होती. इथे या कथेत मराठी माणूस येतो. नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी, १९८३ मध्ये बर्कलीहून डॉक्टरेट, मग अमेरिकेतली बेल लॅबोरेटरीज. १९८४ मध्ये ‘काँबिनेटोरिका’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. फूरिए यांच्यापासून सिंप्लेक्सपर्यंतची वाट कडेकडेने गेली होती. करमरकर तुकड्याच्या आतून गेले. आतल्या एका बिंदूवर उभे राहायचे, सगळी आकृती अशी बदलायची की तो बिंदू मध्यावर येईल, मग नफ्याच्या दिशेने मोठे पाऊल टाकायचे, पुन्हा आकृती बदलायची. काही डझन पावलांत कोपरा हाताशी येतो. त्या नोव्हेंबरात ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर होती.

पुढे वाद झाला. एटी अँड टी कंपनीने या पद्धतीचे पेटंट घेतले, ते १९८८ मध्ये मंजूर झाले, आणि तिच्यावर उभारलेली कॉर्बेक्स ही प्रणाली ८९ लाख डॉलरना विकायला काढली. गणिताची रीत कुणाच्या मालकीची असू शकते का, हा प्रश्न गणितज्ञांनी तेव्हा जोरात विचारला. भारतीय पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने गणिती पद्धती आणि अल्गोरिदम पेटंटबाहेर ठेवले आहेत, आणि माझ्या मते ते योग्य आहे. करमरकर नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. आतून जाणाऱ्या पद्धतींचे पुढे मोठे कुटुंब झाले. विमानांची वेळापत्रके, वीजवाटप अशा मोठ्या हिशेबांत त्या आज सिंप्लेक्सच्या बरोबरीने वापरल्या जातात.

शाळेत मात्र उलटे घडते आहे. राज्य मंडळाच्या बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे, पण उदाहरणे बहुधा कारखान्यांची असतात: टेबले आणि खुर्च्या, दोन यंत्रे, यंत्रांचे तास. एनसीईआरटीने अलीकडे अभ्यासक्रम हलका करताना अकरावीच्या प्रकरणातून दोन चलांच्या असमानतांचे आलेख काढून टाकले. एका चलाची असमानता संख्यारेषेवर दाखवली की प्रकरण संपते, आणि मूल बारावीत थेट नफ्याच्या उदाहरणावर येते. रेषेची बाजू निवडणे, ती का निवडली ते सांगणे, सगळ्या बाजूंचा मिळून एकही बिंदू उरला नाही तर अटीच एकमेकींशी भांडत आहेत हे ओळखणे, यासाठी जे एक निवांत वर्ष मिळत होते ते गेले. ते परत आणावे, असे मला ठामपणे वाटते. अमरावती विभागातल्या शाळांनी तर पुस्तकाची वाट पाहू नये. मुलांनी घरच्या वावराचे एकर, यंदाचा खर्च आणि हातातला पैसा लिहून आणावा, वर्गात आलेख काढावा, आणि मग शिक्षकांनी फळ्यावर प्रश्न लिहावा: शेततळ्याने दीड एकराला पाणी मिळाले तर कोणती रेषा सरकेल, आणि त्या तळ्यावर किती खर्च परवडेल?